फोटोसारखं तोंड

माझ्या नातीच्या गालावरचे डाग पाहायचे असले तर तिला उजेडात उभं करून, हनुवटी धरून, तोंड इकडे-तिकडे वळवून शोधावे लागत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कोणालाही वाटेल की पोरीचं तोंड भाजलं होतं. तसं काही नव्हतं. दहावी-बारावीच्या वयात सगळ्यांना येतात तशा पुटकुळ्या आल्या, तिने त्या नखांनी फोडल्या, आणि दोन्ही गालांवर मसुरीच्या डाळीएवढे काळपट ठिपके राहिले. एक-दोन जागी जरा खोलगट. एवढंच.

आम्ही हुडकेश्वरला राहतो. मुलगा फरशी बसवायच्या कामावर जातो, सून घरी ब्लाउज शिवते. नात एकच. बारावी झाल्यावर ती पोलीस भरतीच्या मागे लागली. आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार येणारी नोकरी आजवर कोणाला लागलेली नाही. मी रस्त्यावर भाजी विकली, माझा नवरा गवंड्याच्या हाताखाली होता, मुलगा काम असलं तर जातो. म्हणून ही पोरगी भरतीत निघावी असं मला फार वाटत होतं. आणि ती निघण्यासारखी होती. माझ्या तोंडून कोणाचं कौतुक लवकर निघत नाही, पण ती पळायची चांगली. वस्तीच्या पलीकडे मोकळ्या जागेवर एक माजी सैनिक पोरापोरींना तयार करतो. शिवी दिल्याशिवाय न बोलणारा माणूस, पण तोही माझ्या मुलाला म्हणाला होता की हिला रोज पाठवा, ही मैदानात मार्क घेते.

भरतीचा फॉर्म निघाला तेव्हा सून तिला घेऊन ऑनलाइनच्या दुकानात गेली. फोटो तिथेच काढतात. फोटो काढणाऱ्याने विचारलं, चेहरा साफ करून देऊ का. सून म्हणाली द्या. आमच्याकडे कोणीच नाही म्हणत नाही. लग्नाचा असो, शाळेचा असो, मेलेल्या माणसाचा भिंतीवर लावायचा असो, फोटो साफ करूनच घेतात. नातीचा फोटो घरी आला तेव्हा मी सुनेला विचारलं, ही कोण. डाग नाहीत, रंग दुधासारखा, नाकसुद्धा जरा बारीक. सून हसली आणि म्हणाली, तुमचीच नात आहे, चष्मा पुसा. मुलाने एक प्रत पाकिटात ठेवली. सगळे खूश होते. तोच फोटो फॉर्मला लागला आणि नंतर प्रवेशपत्रावरही तोच छापून आला.

मैदानी परीक्षेला दोन-अडीच महिने असताना नातीच्या बरोबरच्या एका पोरीने कुठून तरी ऐकून आणलं की मागच्या भरतीत एकीचा फोटो तोंडाशी जुळला नाही म्हणून तिला गेटवरूनच परत पाठवलं. ही परत पाठवलेली कोण, कुठली, ते त्या पोरीलाही माहीत नव्हतं. पण माझी नात घरी आली ती सरळ आरशापुढे बसली, एका हातात तो फोटो. त्या दिवसापासून तिचं पळण्यातलं लक्ष उडालं. आता तिला एकच काम होतं. तोंड फोटोसारखं करायचं.

ट्यूब तिला त्याच पोरीने सांगितली. रात्री लावायची, औषधाच्या दुकानात मागितली की मिळते, कोणी चिठ्ठी विचारत नाही. खोटं कशाला सांगू, आठेक दिवसांत गाल गुळगुळीत झाले, रंग उघडला. सून शेजारणींना दाखवत फिरली. मग एक दिवस तोंडावर पाणी मारलं आणि पोरगी कळवळली. गाल लाल झाले, बारीक पुरळ आलं, उन्हात गेलं की तिखट चोळल्यासारखं होई. आमच्याकडच्या पोरी गाडीवर बसताना दुपट्ट्याने सगळं तोंड बांधतात, नुसते डोळे उघडे, तशी ती बांधून जायची. तर तो दुपट्टाही तिला टोचायला लागला. पूर्वी हिला कसलाच त्रास नव्हता. साध्या साबणाने तोंड धुवायची, खोबरेल लावायची. आता साबण चालेना, तेल चालेना, आईचा पदर लागला तरी गाल पेटायचा.

यात माझ्या लोकांनी हातभार लावला नसता तर नवल. पौर्णिमेला आम्ही बायका विहारात जमतो. वंदना होते, मग चहा होतो, आणि चहाबरोबर सगळ्यांच्या घरचं बोलणं होतं. सुनेने तिथे विषय काढला. एक म्हणाली बेसन आणि दही. दुसरी म्हणाली लिंबू आणि मध. तिसरीने दात घासायची पेस्ट सांगितली, आणि तिला कोणी हसलंही नाही. जिच्या स्वतःच्या तोंडावर वांग आहेत तीही उपाय सांगत होती. मी म्हटलं, तुझ्या तोंडावर काहून नाही लावला मग. त्यावर ती दोन पौर्णिमा माझ्याशी बोलली नाही.

सगळ्यांवर ताण केली माझ्या मुलीने. ती खाप्याला दिली आहे. भावाकडे येताना ती कधी रिकाम्या हाताने येत नाही, आणि त्या खेपेला तिने संत्र्याच्या साली वाळवून, कुटून, कपड्यातून चाळून बरणी भरून आणली होती. भाचीला पाटावर बसवलं, दुधात कालवून चांगली घासून लावली. मी मागे सांडग्यांचं पीठ मळत होते. एकदम बादली खडखडल्याचा आवाज आला. पोरीने तोंड बादलीतच घातलं होतं.

सून शिलाई मशीन सोडून आली. नणंदेला म्हणाली, "तुमाले कोणी सांगतलं होतं लावाले?"

"वा वं. मी काय विष आणलं? आमच्या इकडे बाळंतिणीच्या तोंडाले लावते."

"मंग बाळंतिणीच्याच लावा ना. पोरीचं मैदान हाय पुढच्या महिन्यात."

"तुनं ट्यूब लावू देली तेव्हा नाही आठवलं मैदान?"

मुलगी त्या दिवशी जेवली नाही आणि संध्याकाळच्या बसने परत गेली. बरणी इथेच ठेवून गेली. मी ती कचऱ्याच्या गाडीत टाकली.

शेवटी मी मुलाला म्हटलं, आता डॉक्टरला दाखव, नाहीतर मी नेते. धरमपेठेत कातडीची डॉक्टरीण आहे असं त्याला त्याच्या मालकाने सांगितलं. सून, नात आणि मी गेलो. डॉक्टरीण वयाने लहान होती, माझ्या नातीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. तिने आधी ट्यूब मागितली, उलटून वाचली आणि कोणी दिली विचारलं. सून म्हणाली, दुकानवाल्यानं. डॉक्टरणीने ट्यूब टेबलाच्या कडेला सरकवून ठेवली. मग नातीचं तोंड नीट पाहिलं.

ती जे म्हणाली ते मला चांगलं समजलं, कारण ती साधं बोलत होती. डाग हलके आहेत, ते काळजीचे नाहीत. काळजीची कातडी आहे, ती या ट्यूबने पातळ आणि हळवी झाली आहे. ट्यूब आजपासून बंद. बंद केल्यावर तोंड आधी जास्त बिघडेल, घाबरायचं नाही. धुवायला एक सौम्य साबण, वर लावायला एक मऊ मलम, आणि उन्हात जाताना एक क्रीम. बाकी तीन महिने तोंडाला काहीही लावायचं नाही. घासायचं नाही, वाफ घ्यायची नाही, घरातलं काही नाही. काळे डाग बरेचसे आपोआप जातील. खड्डे राहिले तर नंतर पाहू, आत्ता ही कातडी डागांचं औषध सोसणार नाही.

सून म्हणाली, "मंग डागासाठी आज काय?"

"आज काहीच नाही."

नातीने उन्हाचं विचारलं. डॉक्टरीण म्हणाली, ऊन टाळ, पण पळायला जायचंच आहे तर सकाळी लवकर जा, क्रीम लाव, आल्यावर थंड पाण्याने धू. मी शेजारीच बसले होते. मी सगळं ऐकलं. पण ऑटोत बसेपर्यंत या दोघी मायलेकींकडे एवढंच राहिलं होतं की डॉक्टरीण म्हणाली ऊन टाळ. आणि सून रस्ताभर कुरकुरत होती की एवढ्या लांब आलो, आणि म्हणते काही लावू नका. हे सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे.

इथून मला जो वैताग आला तो अजून गेलेला नाही. काही न करणं हे औषध आहे, हे माझ्या घरात कोणाला पटेना. माणसाला रोज काहीतरी चोपडल्याशिवाय बरं होतंय असं वाटतच नाही. सून दर दोन तासांनी पोरीच्या गालाला बोट लावून पाहायची की कमी झालं का. मी तिच्या हातावर चापटी मारायची. मुलगा कामावरून आला की बूट काढायच्या आधी म्हणे, दाखव. आणि पोरगी खिडकीचे पडदे ओढून कूलरपुढे बसायची. मैदान बंद. सकाळी मी उठवायला गेले की म्हणे, डॉक्टरनं ऊन टाळ म्हटलं. मी म्हणे, पाच वाजता कोणतं ऊन असते वं. ती पांघरूण ओढून घेई.

डॉक्टरणीने सांगितलं होतं तसंच झालं. ट्यूब सोडल्यावर तोंड आणखी फुललं. पुरळ हनुवटीपर्यंत आलं. पोरगी रडायची. माजी सैनिकाने दोनदा निरोप पाठवला, मग पाठवणं सोडलं. मी स्वतः त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, आजी, मैदानाले दिवस किती राहिले, आता पाय सोडले तर दम सुटते, तोंडाचं तुम्ही पाहा आणि पाय माझ्याकडे पाठवा. मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. नात तीन-चार दिवस गेली, दुपट्टा कचकचून बांधून. बांधलेल्या तोंडाने माणूस पळेल कसा. दोन चकरांत धाप लागली, घामाने गाल चरचरले, परत येऊन कूलरपुढे बसली.

मग एका सकाळी मी पाहिलं तर गाल साफ. लाली गेली, पुरळ बसलं. मी चहाचा कप खाली ठेवला.

"परत लावून राहिली काय ते?"

"नाही."

"मंग हे आपोआप झालं?"

तिने तोंड कूलरकडे वळवलं.

"डॉक्टरीण काय म्हणाली होती? कातडी पातळ होते म्हणाली. तुले पळाले बोलावलं हाय का तोंड दाखवाले?"

तेव्हा ती म्हणाली, "आजी, तिथं पहिले तोंड पाहाते, मंग पळू देते. गेटवरूनच परत आली तर मी पळणार कुठं?"

मला राग आला, पण ती मूर्ख नव्हती. तिच्या हिशोबाने ती भरतीचंच काम करत होती.

म्हणून मी फोटोच्या दुकानात गेले. भर दुपारी, डोक्यावर पदर घेऊन. म्हटलं, तुनं माझ्या नातीचा फोटो बदलून ठेवला, आता खरा फोटो लाव. तो पोरगा बिचारा उभा राहिला, मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, फॉर्म केव्हाचाच बंद झाला, आता त्यात कोणालाच हात लावता येत नाही. मी म्हटलं, मग साफ कशाला केला.

"आजी, मी सगळ्यांचेच करतो. नाही केला तर दुसऱ्या दुकानात जातात. तुमचा काढू काय एक?"

मी म्हटलं, माझा राहू दे, माझा साफ करता करता तुझी मशीन बंद पडेल. पण घरी येताना मला हसू आलं नाही. सुनेवर राग होता, ट्यूब सांगणाऱ्या त्या पोरीवर होता, या फोटोवाल्यावर होता, आणि कोणाला धरावं ते कळत नव्हतं, कारण जो तो भल्यासाठीच करत होता.

मैदानाच्या दिवशी पहाटे मुलगा आणि मी तिच्याबरोबर गेलो. मृगाचे दिवस होते, पण पाण्याचा पत्ता नव्हता, पहाटेसुद्धा अंग चिकट. गेटबाहेर शे-दीडशे पोरी असतील. कुठल्या कुठल्या गावांहून आलेल्या, बहुतेकींची तोंडं बांधलेली. मग आतून कोणी ओरडलं की दुपट्टे काढा, कागद हातात ठेवा. सगळ्यांनी दुपट्टे सोडले. मी कठड्याला टेकून उभी होते. मला वाटलं होतं माझीच नात तेवढी डागांची असेल. तिथे अर्ध्या पोरींच्या तोंडावर काही ना काही होतं. कोणाला पुरळ, कोणाला खड्डे, कोणाचे गाल तसेच तांबडे, त्याच ट्यूबचे असावेत. जिच्या-तिच्या हातातल्या कागदावर मात्र सगळ्या गोऱ्यापान, एका आईच्या लेकी असल्यासारख्या.

आत काय झालं ते तिने नंतर सांगितलं. टेबलावर एक पोलीसबाई बसली होती. नात तिच्यापुढे गेली आणि तोंड वर करून उभी राहिली, नीट पाहता यावं म्हणून. पोलीसबाईने कागदावरचं नाव वाचलं, तिचं बोट धरून मशीनवर दाबलं, मशीन वाजली. तिने छातीवर लावायचा नंबर दिला. नात तरीही उभीच. तेव्हा ती बाई मान वर न करता म्हणाली, "सरक ना वं पुढे. काय पाहून राहिली?"

बस. झालं ते तोंड पाहणं.

पळणं मी पाहिलं नाही, मध्ये भिंत होती. दुपारी ती बाहेर आली तेव्हा गाल इतके लाल होते की मी आधी पाण्याची बाटली तिच्या तोंडावर रिकामी केली. ती फुटपाथवर बसली. मुलाने विचारलं कसं झालं. म्हणाली, गोळा बरा गेला, पळताना शेवटच्या चकरेत दम सुटला, पोरी मागून येऊन पुढे गेल्या. त्यांच्यातल्या दोघी त्या माजी सैनिकाकडे पळताना नेहमी तिच्या मागे असायच्या. आम्ही ऑटोत बसलो. मुलगा माझ्याकडे पाहत होता की मी आता सुरू होते की काय. मी नाही सुरू झाले. ऑटोत भांडायची माझी पद्धत नाही.

लेखी परीक्षेला ज्यांना बोलावलं त्यांची यादी लागली. ती थोडक्यात राहिली. गोळा अजून जरा लांब गेला असता किंवा ती शेवटची चकर नीट पळाली असती तरी नाव आलं असतं. त्या दिवशी मात्र मी बोलले. सुनेला बोलले, मुलाला बोलले, आणि पोरीलाही बोलले की तुझं तोंड कोणी पाहिलं नाही, पाय सगळ्यांनी पाहिले. सून म्हणाली, आता जखमेवर मीठ नका चोळू. मी म्हटलं, मीठ तेवढं राहिलं होतं चोळायचं, बाकी तुम्ही सगळं चोळून पाहिलं.

यादी लागल्यावर तिने ट्यूब आपली आपण टाकली. फोटोसारखं दिसायचं काही कारणच उरलं नव्हतं. मग खरोखर तोंडाला कोणी हात लावला नाही. सुनेलाही लाज वाटली असावी. आधी पुन्हा सगळं फुललं, पंधरा-वीस दिवस वाईट गेले, मग हळूहळू बसलं. दिवाळीपर्यंत डाग पुसट झाले. दोन खड्डे आहेत, ते राहतील. डॉक्टरणीने पुन्हा बोलावलं होतं, आम्ही गेलो नाही.

आता विहारात बायका मला बाजूला घेऊन विचारतात की नातीला काय लावलं. मी सांगते, काही नाही लावलं. त्यांना वाटतं म्हातारी लपवते. एकीने तर माझ्या सुनेला गाठून विचारलं, आणि सुनेनेही काही नाही म्हटलं, तर ती म्हणाली, दोघी सासू-सुना एक झाल्या. असं आजवर आम्हाला कोणी म्हटलं नव्हतं.

पुढची भरती कधी निघेल ते कोणी सांगत नाही. वर्षाने म्हणतात, दोन वर्षांनी म्हणतात. वय आहे अजून तिचं. यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली होती, आजी, मले पाचला उठवजो. मी म्हटलं, गजर लाव, मी काही तुझी नोकर नाही. तरी उठवते. कधी उठते आणि जाते, कधी कूस बदलते. ज्या दिवशी जात नाही त्या दिवशी मी दिवसभर तिच्याशी बोलत नाही.